सोडियमला इलेक्ट्रॉन नकोसा असतो का? आणि वाचकांचे इतर प्रश्न

या वेळच्या टपालात शाळकरी वाचकांची पत्रं जास्त आहेत. बहुतेक सगळी अणू, बंध आणि मिश्रणं वेगळी करण्याच्या पद्धती यांच्याभोवती फिरतात. त्यांतली काही मी मुद्दाम निवडली आहेत. कुणाला पुस्तकातलं उत्तर पाठ आहे पण प्रयोगशाळेत वेगळंच दिसलं, तर कुणाला उत्तर येतं पण पटत नाही. मला शिकवताना असेच प्रश्न सर्वांत मोलाचे वाटत आले आहेत. आठवीतल्या वाचकालाही सगळं वाचता यावं म्हणून सूत्रं न लिहिता नावंच लिहिली आहेत.

प्रश्न : बाई, वाळू आणि मिठाचं मिश्रण पाण्यात ढवळून गाळलं की वाळू कागदावर राहते आणि मीठ पाण्याबरोबर खाली जातं. आणखी बारीक गाळणी मिळाली तर मीठही अडेल का? आणि त्याहून बारीक मिळाली तर सोडियम एकीकडे, क्लोरीन एकीकडे करता येईल का? (आठवीतला विद्यार्थी)

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे आणि दुसऱ्याचं 'नाही'. दोन्ही उत्तरं नीट समजून घे, कारण मिश्रण आणि संयुग यांतला फरक नेमका इथेच आहे.

आधी आकार बघू. प्रयोगशाळेतल्या साध्या गाळणकागदाची छिद्रं दहा मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असतात. वाळूचा कण त्याहून कितीतरी मोठा, म्हणून तो वर राहतो. मीठ पाण्यात गेल्यावर मात्र त्याचे सोडियम आयन आणि क्लोराइड आयन सुटे होतात आणि प्रत्येकाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात. पाण्याचं हे वेष्टन धरूनही आयन एक नॅनोमीटरपेक्षा लहानच भरतो. छिद्र त्याच्या दहा हजार पटींहून रुंद! कागदाने त्याला अडवायचं तरी कसं?

मीठ अडवणारा पडदा आहे. खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी काढण्यासाठी तो वापरतात आणि त्या पद्धतीला रिव्हर्स ऑस्मॉसिस म्हणतात. पण तिथे नुसतं ओतून भागत नाही. पडद्याच्या दोन बाजूंना गोडं आणि खारं पाणी ठेवलं, तर पाणी आपण होऊन गोड्याकडून खाऱ्याकडे जातं. त्याला उलट पाठवायचं तर दाब द्यावा लागतो. समुद्राच्या दर किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या पाण्याला नुसतं थोपवून धरायलाच वातावरणाच्या दाबाच्या पंचवीस-सत्तावीस पट दाब लागतो, आणि प्रत्यक्ष यंत्रात त्याच्या दुप्पट किंवा जास्त देतात.

आता सोडियम आणि क्लोरीन. गाळून खाली आलेलं पाणी बाष्पनपात्रात आटव. जेवढं मीठ घातलं होतं तेवढंच परत मिळेल, आणि ते मीठच असेल. पाण्यात ते सुटं सुटं झालं होतं, पण सुटे झाले होते ते आयन. सोडियमच्या आयनात एक इलेक्ट्रॉन कमी आहे, क्लोराइडच्या आयनात एक जास्त आहे. समज, एखाद्या जादूच्या गाळणीने सगळे सोडियम आयन एका बाजूला आणि सगळे क्लोराइड आयन दुसऱ्या बाजूला नेले. तरी चाकूने कापता येणारा मऊ, चकचकीत सोडियम धातू काही तिथे दिसणार नाही. तिथे असेल धन प्रभाराचा प्रचंड साठा, आणि पलीकडचा ऋण प्रभार त्याला इतक्या जोराने ओढेल की त्यांना वेगळं धरून ठेवणं अशक्य होईल. धातू हवा असेल तर त्या आयनाला त्याचा इलेक्ट्रॉन परत द्यावा लागतो, आणि हे काम विजेचं आहे.

हंफ्री डेव्हीने १८०७ मध्ये वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून पहिल्यांदा सोडियम मिळवला. आज तो मीठ वितळवून, त्यातून वीज सोडून काढतात. मिठाचा द्रवणांक ८०१ अंश सेल्सिअस आहे. कॅल्शियम क्लोराइडसारखे दुसरे क्षार मिसळून तो ६०० अंशांच्या आसपास आणतात. मिठाच्या पाण्यातून वीज सोडलीस तर क्लोरीन मिळेल, पण दुसऱ्या टोकाला सोडियमऐवजी हायड्रोजन निघेल आणि भांड्यात सोडियम हायड्रॉक्साइड उरेल. क्लोरीन विषारी आहे, तेव्हा हे घरी करायचं नाही.

प्रश्न : सोडियमला एक इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरीनला एक हवा असतो, म्हणून त्यांच्यात आयनिक बंध होतो, असं आम्ही लिहितो. पण सोडियमला हे कळतं कसं? (दहावीतली विद्यार्थिनी)

त्याला कळत नाही, आणि त्याला द्यायचाही नसतो. तुझ्या प्रश्नावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण 'द्यायचा असतो, हवा असतो' हे एकदा डोक्यात बसलं की पुढची दोन-तीन वर्षं मुलं अणूंच्या इच्छा पाठ करत राहतात आणि खरं कारण बाजूला पडतं.

आकडे बघ. सगळे एका मोलचे, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक, प्रचंड मोठ्या संख्येचे आहेत. सोडियमचा एक मोल म्हणजे सुमारे २३ ग्रॅम. वायुरूप सोडियमच्या अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला ४९६ किलोजूल खर्च येतो. इलेक्ट्रॉन जर 'नकोसा' असता तर ही ऊर्जा कशाला लागली असती? केंद्रकातल्या अकरा प्रोटॉननी त्याला धरून ठेवलेलं असतं, दूर असला तरी. क्लोरीनच्या अणूंनी इलेक्ट्रॉन घेतल्यावर ३४९ किलोजूल बाहेर पडतात. खर्च ४९६ आणि जमा ३४९, म्हणजे १४७ ची तूट. एकमेकांपासून लांब असलेल्या एकेकट्या सोडियम आणि क्लोरीन अणूंमध्ये ही देवाणघेवाण आपण होऊन होत नाही.

मग मीठ होतं कसं? आयन जवळ आले की धन आणि ऋण प्रभार एकमेकांना ओढतात आणि तूट भरून निघते. घन मिठाची जाळी तयार होईपर्यंत तर ७८७ किलोजूल बाहेर पडतात. पूर्ण जमाखर्च मांडूनच बघ. घन सोडियमचे सुटे अणू करायला १०७, क्लोरीनच्या रेणूंचे अणू करायला १२१, आणि इलेक्ट्रॉन काढायला ४९६. एकूण खर्च ७२४. जमा बाजूला ३४९ आणि ७८७, एकूण ११३६. शिल्लक ४१२. प्रत्यक्ष मोजमापात सोडियम आणि क्लोरीनपासून एक मोल मीठ होताना ४११ किलोजूल बाहेर पडतात. इतका जवळचा मेळ बसतो तेव्हा मला आजही आनंद होतो, आणि दहावीच्या मुलांना तो दाखवायला काहीच हरकत नाही. बेरीज-वजाबाकी तर येतेच.

याच हिशेबातून 'एकच का, दोन का नाहीत?' याचंही उत्तर मिळतं. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातला आहे, आणि तो काढायला ४५६२ किलोजूल लागतात. कुठलीही जाळी एवढी भरपाई करू शकत नाही, म्हणून गाडी एकावर थांबते. सोडियमला निऑनसारखं व्हायचं असतं, असं काही नाही.

ऑक्सिजनचं उदाहरण याहून बोलकं आहे. 'ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन हवे असतात' असं लिहिलं जातं. प्रत्यक्षात पहिला घेताना थोडी ऊर्जा बाहेर पडते, पण दुसरा घ्यायला त्याला बाहेरून ऊर्जा द्यावी लागते. ऋण आयनावर आणखी एक ऋण इलेक्ट्रॉन ढकलायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? तरीही मॅग्नेशियम ऑक्साइड अतिशय स्थिर आहे, कारण दोन-दोन प्रभारांच्या आयनांमधलं आकर्षण सगळा खर्च भरून काढतं.

आणखी एक गोष्ट. दोन वर्तुळं आणि मधे बाण, या चित्रामुळे मिठात सोडियम-क्लोरीनच्या जोड्या असतात असं वाटतं. घन मिठात अशी जोडी कुठेच नाही. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन सारख्याच, ०.२८२ नॅनोमीटर अंतरावर असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. कोणता कोणाचा जोडीदार, हे सांगताच येत नाही. लॉरेन्स ब्रॅगने १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडली. १९१५ चं नोबेल त्याला वडिलांबरोबर मिळालं तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पण मिठात मिठाचे रेणू नाहीत, ही गोष्ट जुन्या रसायनशास्त्रज्ञांच्या पचनी पडायला वेळ लागला. हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञाने १९२७ मध्येही 'नेचर'मध्ये पत्र लिहून बुद्धिबळाच्या पटासारख्या या रचनेवर कडाडून टीका केली होती. तेव्हा तुला हे पटायला जड गेलं तर वाईट वाटून घेऊ नकोस.

माझ्या वर्गात मी बाणाचं चित्र काढू देते, पण त्याच्याशेजारी चौकटींची जाळी काढायला लावते: एक आड एक धन आणि ऋण चिन्ह, निदान पाच ओळी. मग मधल्या एका चिन्हावर बोट ठेवून, त्याला कोण ओढतं आणि कोण ढकलतं ते मोजायला सांगते. परीक्षेत तू अपेक्षित उत्तर जरूर लिही. मात्र 'हवा असतो' याऐवजी 'दिल्या-घेतल्यावर तयार झालेल्या आयनांमधील आकर्षणामुळे ऊर्जा कमी होते' असं लिहिलंस तर ते उत्तर बरोबर आहे, आणि अधिक बरोबर आहे.

प्रश्न : क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ असतं. मग अर्धा न्यूट्रॉन असतो का? (नववी)

नसतो. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये दोन समस्थानिक आहेत. दर हजार अणूंपैकी साधारण ७५८ अणूंचा अणुवस्तुमानांक ३५ असतो आणि २४२ अणूंचा ३७. दोघांत प्रोटॉन सतराच, न्यूट्रॉन अठरा किंवा वीस. सरासरी काढ, ३५.५ च्या अगदी जवळ येईल. ३५.५ वस्तुमानाचा एकही क्लोरीन अणू कुठेही नाही.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवतो. लोहकीस आणि गंधक यांचं मिश्रण तापवून आयर्न सल्फाइड करून दाखवतो. पुस्तकाप्रमाणे ते चुंबकाला चिकटायला नको, पण बहुतेक वेळा चिकटतं. मुलं विचारतात तेव्हा काय सांगावं?

सर, मुलांना दिसलं ते खरं आहे, हे आधी सांगा. हा प्रयोग करणाऱ्या बहुतेकांना हाच अनुभव येतो आणि त्याची कारणं शोधणं हाच उत्तम धडा आहे.

पहिलं कारण प्रमाणाचं. लोखंडाचा अणू ५६, गंधकाचा ३२, म्हणजे वजनाने ७ ला ४. अंदाजाने दोन चमचे हे आणि दोन चमचे ते घेतलं तर लोखंड उरणारच. मोजून घेतलं तरी तापवताना गंधक हातचं जातं. ते ११५ अंशांच्या आसपास वितळतं, त्याची वाफ होते आणि हवा मिळाली की निळ्या ज्योतीने जळून सल्फर डायऑक्साइड होतं. जेवढं गंधक नळीतून निसटलं, तेवढं लोखंड जोडीविना राहिलं. म्हणून गंधक किंचित जास्त घ्या, आणि परीक्षानळीच्या तोंडाशी न जळणाऱ्या खनिज लोकरीचा बोळा सैलसर बसवा.

दुसरं कारण कणांच्या आकाराचं. कीस जाडसर असेल तर प्रत्येक कणाच्या बाहेरून सल्फाइडचं कवच तयार होतं आणि आत लोखंड तसंच राहतं. कीस नको, बारीक लोहचूर्ण घ्या. क्रिया सुरू झाल्यावर मिश्रणाच्या एका टोकाला लालभडक ठिणगी पेटल्यासारखी दिसते. तेव्हा बर्नर काढून घ्या. ज्योत नसतानाही ती लाली सरकत सरकत पूर्ण मिश्रणातून जाते. मुलांना त्या क्षणी गप्प राहून बघू द्या. बाहेरून उष्णता देणं थांबलं आहे, मग ही ऊर्जा आली कुठून, हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

तिसरं कारण पुस्तकात नसतं. लोखंड आणि गंधक नेहमी एकास एकच जुळतात असं नाही. लोखंडाचे अणू जरा कमी असलेलं सल्फाइडही होतं. पायरोटाइट नावाचं खनिज तसंच आहे आणि ते स्वतःच चुंबकाकडे ओढलं जातं. तेव्हा चुंबक ही इथे शेवटची कसोटी धरू नका.

विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची कसोटी अधिक भरवशाची आहे. नुसत्या मिश्रणावर आम्ल टाकलं तर लोखंडापासून हायड्रोजन निघतो आणि पिवळं गंधक तसंच राहतं. सल्फाइडवर टाकलं तर सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड येतो. हा वायू फार विषारी आहे, आणि प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वास कळेनासा होतो, हे त्याचं जास्त भयंकर. त्यामुळे चिमटीपेक्षाही कमी सल्फाइड घ्या, वायू बाहेर खेचून नेणाऱ्या कपाटातच करा. तशी सोय नसेल तर ही कसोटी फक्त तोंडी सांगा.

प्रश्न : मीठ आणि नवसागर यांचं मिश्रण संप्लवनाने वेगळं करतात. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, तेही आयनिक संयुग. मग मिठाला ८०१ अंश लागतात आणि नवसागराची इतक्या लवकर वाफ कशी होते? (दहावीतली विद्यार्थिनी)

शाबास. पुस्तकातली दोन प्रकरणं एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय हा प्रश्न पडत नाही.

नवसागर तसाच्या तसा वाफ होऊन वर जात नाही. तापवल्यावर अमोनियम आयनातला एक प्रोटॉन क्लोराइड आयनाकडे जातो आणि दोन वायू तयार होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. हे दोन्ही सहसंयुज रेणू आहेत, प्रभार नसलेले, म्हणून सहज उडतात. वरच्या थंड नरसाळ्याशी पोचल्यावर ते पुन्हा एकत्र येतात आणि नवसागराचा पांढरा थर जमतो. मिठाला असा दुसरा मार्गच नाही, ते खालीच बसून राहतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. परीक्षानळीच्या तळाशी थोडा नवसागर घ्या, त्याच्या वर काचेच्या लोकरीचा सैल बोळा, आणि बोळ्याच्या वरच्या बाजूला ओला तांबडा आणि ओला निळा लिटमस. तळ हलकेच तापवला की आधी तांबडा लिटमस निळा होतो, कारण अमोनियाचा रेणू हलका आहे, १७ विरुद्ध ३६.५, आणि हायड्रोजन क्लोराइडच्या जवळजवळ दीडपट वेगाने तो लोकरीतून वर येतो. मागून हायड्रोजन क्लोराइड आला की दोन्ही कागद तांबडे होतात. शाळेत करण्याजोग्या प्रयोगांत मला हा फार आवडतो, कारण एरवी पांढऱ्या धुरासारख्या दिसणाऱ्या गोष्टीचे दोन भाग इथे वेगवेगळे ओळखू येतात. शिक्षकांसमोर आणि खिडक्या उघड्या ठेवून करा.

मिश्रण वेगळं करण्याची पद्धत म्हणून यात काही चुकत नाही, नवसागर आणि मीठ खरोखर वेगळे होतात. फक्त रासायनिक बदल न होता घन पदार्थाची वाफ, असं उदाहरण हवं असेल तर कापूर, नॅप्थालीन किंवा आयोडीन घ्यावं. आयोडीनबद्दलही एक भ्रम आहे की ते वितळतच नाही. वितळतं, ११३.७ अंशांना. १८४ अंशांना उकळतं. पण त्याआधीच जांभळी वाफ इतकी सुटते की खालचा द्रव कुणी बघतच नाही.

प्रश्न : अष्टक पूर्ण झालं की अणू बंध करतच नाही, हा नियम पक्का आहे का? (नववी)

अष्टक म्हणजे अणूच्या बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन. नियम पक्का नाही, पण उपयोगी आहे. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन यांच्या बहुतेक संयुगांत तो चालतो. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन मोजले जातात, फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये फॉस्फरसचे पाच बंध असतात, आणि नायट्रिक ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनांची संख्याच विषम आहे. १९६२ मध्ये नील बार्टलेट या रसायनशास्त्रज्ञाने तर अष्टक पूर्ण असलेल्या राजवायूलाच बंधात आणलं. एक अतिशय प्रबळ संयुग ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतं, हे त्याने पाहिलं होतं. झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जाही जवळपास तेवढीच आहे, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने करून बघितलं आणि झेनॉनचं संयुग मिळालं. इथेही ऊर्जेचाच हिशेब.

प्रश्न : जीवशास्त्रात आम्ही शिकतो की बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते. रसायनशास्त्रात तुम्ही उलट सांगता. खरं काय? (अकरावी)

बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते. नेहमीच, अपवाद नाही. दोन अणू आकर्षणाने जवळ आहेत, त्यांना लांब न्यायचं तर कुणीतरी ओढावं लागणारच. ऊर्जा बाहेर पडते ती नवे, जास्त मजबूत बंध तयार होताना.

हायड्रोजन आणि क्लोरीनचं बघ. हायड्रोजनचा बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोजूल, क्लोरीनचा तोडायला २४२. खर्च ६७८. हायड्रोजन क्लोराइडचे दोन बंध होताना प्रत्येकी ४३१, म्हणजे ८६२ परत. १८४ किलोजूल उरले, ते उष्णता म्हणून मिळतात. जीवशास्त्रातलं ते वाक्य पूर्ण क्रियेबद्दल घाईने बोललेलं असतं: एक कमजोर बंध तुटला आणि त्याच क्रियेत दुसरे मजबूत बंध झाले, हा दुसरा भाग सांगायचा राहून जातो.

प्रश्न : इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. मग ७८ अंश कायम ठेवून ऊर्ध्वपातन केलं तर शुद्ध इथेनॉल का मिळत नाही? (महाविद्यालयीन विद्यार्थी)

१०० अंशांखाली पाण्याची वाफ होतच नाही, अशी समजूत या प्रश्नामागे आहे. ओला कपडा साध्या हवेतही वाळतो. मिश्रण उकळतं तेव्हा दोन्ही पदार्थांचे रेणू वर जातात, फक्त वाफेत इथेनॉलचं प्रमाण द्रवापेक्षा जास्त असतं. ती वाफ थंड करून पुन्हा उकळली की प्रमाण आणखी वाढतं. उभ्या स्तंभात हेच पुन्हा पुन्हा घडतं, आणि त्यालाच भागशः ऊर्ध्वपातन म्हणतात.

पण वजनाने ९५.६ टक्क्यांशी गाडी अडते. तिथे वाफेतलं आणि द्रवातलं प्रमाण सारखंच होतं आणि ते मिश्रण एखाद्या शुद्ध पदार्थासारखं ७८.२ अंशांना उकळत राहतं, शुद्ध इथेनॉलच्या ७८.४ अंशांहून किंचित खालीच. कारण पुन्हा आकर्षणाचंच: पाण्याचे रेणू एकमेकांना जितकं घट्ट धरतात, तितकं ते इथेनॉलच्या गर्दीत धरले जात नाहीत. स्तंभ कितीही उंच करा, साध्या दाबाखाली पुढे जाता येत नाही.

उरलेलं पाणी काढायची एक युक्ती मात्र सुंदर आहे. झिओलाइट नावाच्या स्फटिकात ०.३ नॅनोमीटर रुंदीची छिद्रं असतात. पाण्याचा रेणू त्यात शिरून अडकतो, इथेनॉलचा त्याहून मोठा असल्यामुळे बाहेरच राहतो. वरच्या आठवीतल्या मुलाने कल्पना केलेली बारीक गाळणी ती हीच. आणि इथे ती चालते, कारण पाणी आणि इथेनॉल हे वेगवेगळे रेणू आहेत, एका संयुगाचे भाग नाहीत.

प्रश्न : दोन काळ्या पेनांचे ठिपके गाळणकागदावर काढून कागद पाण्यात उभा धरला. एकातून निळा, गुलाबी, पिवळा असे रंग निघाले, दुसरा जागचा हलला नाही. दुसऱ्यात एकच रंग आहे असं लिहायचं का? (सातवीतली विद्यार्थिनी)

नाही, घाई करू नकोस. न हललेल्या ठिपक्याने तुला एवढंच सांगितलं की तो पाण्याबरोबर जात नाही.

कागद तंतूंचा बनलेला आहे आणि ते तंतू पाण्याला आणि काही रंगांना धरून ठेवतात. पाणी वर चढताना रंगाच्या प्रत्येक रेणूची ओढाताण होते, कागद त्याला थांबवतो आणि पाणी त्याला पुढे नेतं. कागदाने ज्याला जास्त धरलं तो मागे राहतो, पाण्यात जो जास्त रमतो तो वर पोचतो. मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये वॉर्सा इथे याच तत्त्वावर पानांमधली हिरवी आणि पिवळी द्रव्यं वेगळी करून दाखवली. त्याने कागदाऐवजी काचेच्या नळीत कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी भरली होती आणि वरून द्रावक सोडलं होतं.

आता तोच दुसरा पेन घे, नवा ठिपका काढ आणि पाण्याऐवजी स्पिरिट वापर, ज्योतीपासून लांब. न पुसल्या जाणाऱ्या शाईचे रंग पाण्यात विरघळत नाहीत, पण स्पिरिटमध्ये बहुधा विरघळतात, मग तोही ठिपका फाकेल. तिथेही हलला नाही तर त्यात काजळीसारखे कार्बनचे कण असू शकतात. ते कशातच विरघळत नाहीत, तर वर कसे जाणार?

खालची रेघ पेन्सिलीने काढ, कारण पेन्सिलीचा ग्रॅफाइट हलत नाही. ठिपका द्रवाच्या पातळीच्या वर असू दे, नाहीतर रंग वर न जाता भांड्यातच उतरेल. द्रव कागदाच्या वरच्या टोकाला टेकण्याआधी कागद बाहेर काढ आणि तो जिथपर्यंत चढला तिथे लगेच खूण कर. वाळल्यावर ती कडा सापडत नाही. द्रव ७ सेंटिमीटर चढला आणि पिवळा रंग ४.२ सेंटिमीटर, तर ४.२ भागिले ७, म्हणजे ०.६. तोच कागद आणि तेच द्रावक असेल तर त्या पिवळ्या रंगाचा हा आकडा पुढच्या वेळीही साधारण तेवढाच यायला हवा. दोन्ही पेनांच्या प्रत्येक रंगासाठी तो काढ आणि मला कळव. दोघांतला पिवळा एकच आहे का, ते त्यावरून ठरवता येईल.